डाव्या हाताचा पुरावा

कारखान्यातल्या बायका त्यांना पाठीमागे अस्वलकाका म्हणत आणि तोंडावर नुसतं काका. हे काकांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग येत नसे. उलट आतून बरंच वाटे. नाव पडलं होतं डाव्या हातावरून. कोपरापासून मनगटापर्यंत त्या हातावर इतकं दाट रान माजलं होतं की घड्याळाचा पट्टा त्यात हरवून जाई. उजवा हात मात्र चारचौघांसारखा, विरळ. दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवले तर ते एकाच माणसाचे आहेत हे शपथेवर सांगावं लागलं असतं.

डोक्याची गोष्ट वेगळी. तिथे चाळिशीतच मधोमध चकचकीत मैदान झालं होतं आणि कडेनं केसांची झालर उरली होती. केसांचं तेल बनवणाऱ्याचं डोकं असं असावं यावर जेवढे विनोद करता येतात तेवढे कारखान्यात टक्कल पडल्यापासूनच्या पाच वर्षांत करून झाले होते. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "आचारी चव घेतो, ताट वाढून घेत नाही." असं म्हणून ते शर्टाची डावी बाही वर सरकवत, आणि बोलणाऱ्याचं तोंड बंद होई.

कारखाना म्हणजे टायरच्या दुकानामागची दुमजली इमारत. वरच्या मजल्यावर जाळीच्या फळ्यांवर पाला सुकत पडलेला असे: माका, जास्वंदीची पानं, जास्वंदीची फुलं. सावलीत सुकवायचा, उन्हात नाही. उन्हात लवकर सुकतो, पण त्याचं गवत होतं. सुकला की त्याची भरड काढायची, ती काचेच्या मोठ्या बरण्यांत स्पिरिट घालून चौदा दिवस मुरत ठेवायची आणि रोज सकाळी प्रत्येक बरणी हलवायची. मग पातळ कापडातून गाळून, गरम पाण्यात बसवलेल्या भांड्यात हळूहळू सगळं स्पिरिट उडवून द्यायचं. तळाशी राहतो तो अर्क, काळपट हिरवा आणि काकवीसारखा चिकट. तो खोबरेलात कढवायचा. तेल झालं की नाही हे बघायला काका कापसाची वात त्यात बुडवून पेटवत. वात चटचटली तर आत पाणी आहे, गुपचूप जळली तर तेल झालं.

इथपर्यंत कुठल्याही तेलाच्या कारखान्यासारखंच. पुढचं मात्र फक्त इथेच होत असे. थोरल्या मालकांनी सुरुवातीलाच नियम घातला होता: आपलं तेल केस उगवतं असं आपण म्हणतो, तर प्रत्येक घाण्याची परीक्षा माणसावर झाली पाहिजे. आणि डोकं एकच असतं, हात दोन. म्हणून परीक्षा हातावर. सव्विसाव्या वर्षी काका नोकरीला लागले तेव्हा हे काम त्यांच्या वाट्याला आलं, कारण बाकी कोणी तयार नव्हतं. डाव्या हातावर काड्यापेटी ठेवून पेननं चौकट आखायची. चौकटीतले केस वस्तऱ्यानं काढायचे. मग रोज सकाळी आठ वाजता तिथे त्या घाण्याचं तेल उजव्या अंगठ्यानं शंभर वेळा गोल गोल चोळायचं. एकविसाव्या दिवशी भिंग आणि पोलादी पट्टी घेऊन नव्या केसांची लांबी मोजायची आणि वहीत लिहायची. शेवटी लिहायचं, "केस येतात. पास." खाली सही. सही झाल्याशिवाय तेल बाटल्यांत भरलं जात नसे.

अशी एकतीस वर्षं गेली. आठ वह्या भरल्या. एकही घाणा नापास झाला नाही. हातावर चौकटी मावत चारच, त्यामुळे एकेका जागी पाऊणशे-शंभर वेळा वस्तरा फिरला होता. चौकटींच्या मधलं रान मात्र कधी कापायचं नाही, हा काकांचा स्वतःचा नियम. कोणी दुकानदार आला की थोरले मालक काकांना आतून बोलावून घेत. काका दोन्ही बाह्या वर करत आणि ठरलेलं वाक्य म्हणत, "डावा तेलाचा, उजवा बिनतेलाचा." दुकानदार आधी हाताकडे बघायचा, मग डोक्याकडे, मग परत हाताकडे. पण माल घ्यायचा.

काकांच्या घरात दोनच माणसं. ते आणि त्यांची बायको. मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी गेली होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि बाहेर एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढी गॅलरी. पंधरा वर्षांपूर्वी काकूंना मुदतीचा ताप आला आणि त्यानंतर त्यांचे केस गळायला लागले. भांग रुंद होत गेला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी काकू त्या स्टुलावर बसत आणि काका मागे उभे राहून त्यांच्या डोक्याला तेल चोळत. केस परत आले का? खरं सांगायचं तर नाही. पण काका म्हणत, "आहेत ते टिकलेत ना? तेल नसतं तर तेही गेले असते." काकूंना त्या तेलाचा वास आवडत नसे. त्यांच्या उशीचे अभ्रे वेगळे धुवावे लागत आणि तरी हिरवट डाग राहत. पण नवऱ्याच्या तेलाला नाक मुरडायचं कसं, म्हणून त्या गप्प असत.

थोरले मालक गेले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला. धाकटे मालक माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असे. जुनं खोकं बदलायचं, त्यावरची लांब केसांची बाई काढून टाकायची आणि तिच्या जागी काकांचे दोन हात छापायचे, असं त्यांनी ठरवलं. काळ्या कापडावर दोन हात शेजारी शेजारी. खाली ओळ: एकतीस वर्षांचा पुरावा. आणि त्याखाली काकांची सही.

"हाताच्या कंकणाला आरसा कशाला, काका?" ते म्हणाले. "बाईचे केस कोणीही छापतं. हा हात दुसऱ्या कोणाकडे आहे?"

त्या दिवशी घरी जाताना काका एक स्टॉप आधीच उतरले आणि चालत गेले. जन्म मागच्या खोलीत स्पिरिटच्या वासात गेला होता. पुढच्या वर्षी निवृत्ती. कारखान्याबाहेर त्यांना कोणी ओळखत नव्हतं. आता लेकीच्या गावातल्या दुकानात फळीवर आपला हात असेल, खाली आपली सही असेल, लेक शेजारणीला दाखवेल, हे त्यांना फार आवडलं. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती न मागता चालून आली होती.

मालकाचा हुकूम झाला की फोटोला दोन महिने आहेत, तोवर डाव्या हाताला वस्तरा लावायचा नाही. चौकटी भरून येऊ द्यायच्या. म्हणजे तेवढे दिवस परीक्षा बंद, बाटल्या सहीशिवायच भरायच्या. आणि तीन आठवड्यांनी कारखान्यात केमिस्ट बाई आल्या. नव्या खोक्यावर जे छापायचं त्याला शिकलेल्या माणसाची मान्यता लागते, म्हणून त्यांना नोकरीवर घेतलं होतं. तिशीच्या असतील. कमी बोलत. पहिले तीन दिवस त्यांनी दुसरं काहीच केलं नाही, काकांच्या आठही वह्या वाचून काढल्या. एकतीस वर्षांत त्या वह्या कोणी वाचल्या नव्हत्या. काकांनी त्यांना स्वतःहून चहा नेऊन दिला.

चौथ्या दिवशी बाई बरण्यांच्या खोलीत आल्या.

"काका, वह्या फार छान ठेवल्यात तुम्ही. एक विचारू?"

"विचारा की, मॅडम."

"नुसतं खोबरेल कधी चोळून बघितलंत?"

"ते कशाला चोळायचं?" काका म्हणाले. "ते आपण विकत नाही."

"आणि चौकट आखून, काहीच न चोळता कधी सोडलीत?"

"हा उजवा हात आहे ना. तो आख्खाच सोडलाय."

बाईंनी दोन्ही हातांकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "हं." एवढंच. वाद घातला असता तर काकांनी एकतीस वर्षं काढून दाखवली असती, पण 'हं'ला काय उत्तर देणार? तो 'हं' त्यांच्याबरोबर घरी आला, जेवायला बसला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातही गेला. तेव्हा काका स्वतःच बाईंकडे गेले आणि म्हणाले, "सांगा मॅडम, कशी करू परीक्षा?"

बाईंनी दोन बाटल्या तयार केल्या. एकीत कारखान्याचं तेल, दुसरीत साधं खोबरेल. साध्या तेलात हिरवा रंग आणि दोन्हींत तोच उग्र सुगंध घातला, म्हणजे डोळ्याला आणि नाकाला काही कळू नये. वर चिठ्ठ्या लावल्या, एक आणि दोन. कुठल्या बाटलीत काय आहे ते एका कागदावर लिहून पाकीट चिकटवलं आणि काकांच्याच कपाटात ठेवलं. डावा हात फोटोसाठी राखीव, म्हणून या वेळी चौकटी उजव्या हातावर आखल्या. उजव्या हातावर वस्तरा फिरायची ही पहिलीच वेळ, आणि तोही डाव्या हातानं धरून, त्यामुळे दोनदा कापलं.

घरी काकूंनी कापल्यावर बांधलेली पट्टी बघितली आणि सगळं ऐकून घेतलं.

"हात दाखवून अवलक्षण," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं कोणी विचारलं नाही ते आता कशाला उकरताय?"

"अगं, सोनं तापवलं म्हणून काळं पडत नाही," काका म्हणाले.

त्यांना खरंच काळजी नव्हती. तिसऱ्या दिवशीच त्यांनी ओळखलं होतं की दोन नंबर आपला. सुगंधाच्या खाली माक्याचा कडवट वास येतोय, अंगठ्याखाली तेल जरा जड लागतंय. एकतीस वर्षं काय उगाच काढली? एक नंबर म्हणजे पाणचट, स्टेशनवरच्या चहासारखा. एकविसाव्या दिवशी त्यांनी भिंग लावलं, पट्टी धरली, तीन-तीनदा मोजलं. एक नंबर, तीन मिलिमीटर. दोन नंबर, साडेतीन. केसही जरा जाड. वहीत तसं लिहिलं, सही केली, आणि ऐटीत पाकीट बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"तुम्हीच फोडा," बाई म्हणाल्या.

काकांनी फोडलं. दोन नंबर म्हणजे साधं खोबरेल.

त्यांनी कागद उलटा करून बघितला, जणू मागच्या बाजूला खरं उत्तर असेल. मग ते स्टुलावर बसले. बाईंनी भिंग घेऊन स्वतः मोजलं. दोन्ही चौकटींत तीन, फार तर सव्वातीन. काकांचा तो वरचा अर्धा मिलिमीटर भिंगात नव्हता, काकांच्या मनात होता. दोन नंबर आपलं आहे अशी खात्री झाल्यापासून तिथे आपण शंभराच्या जागी दीडशे वेळा अंगठा फिरवत होतो, हेही त्यांना तेव्हाच आठवलं. त्यांना लाज वाटली. एवढी की कान गरम झाले.

"तेल वाईट नाही, काका," बाई म्हणाल्या. "केस मऊ राहतात, विंचरताना तुटत नाहीत. तेवढं बाटलीवर लिहायला माझी हरकत नाही. पण उगवतात असं म्हणायला आपल्याकडे काही नाही. हातावर तर नाहीच दिसलं."

"आणि हा?" काकांनी डावा हात वर केला. दोन महिने होत आले होते. चौकटी बुजून सगळा हात एकसारखा काळा झाला होता.

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "त्याचं मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काकांना तर आख्ख्या हाताचा होता. पुढचा आठवडाभर ते स्वतःला समजावत राहिले. एकवीस दिवस म्हणजे काय? एकतीस वर्षं म्हणजे काय? मुरायला वेळ लागतो. बरणीतला पाला चौदा दिवस घेतो, माणसाची कातडी वीस वर्षं घेत असेल. डावा हात खोटं कसं बोलेल? तो तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

रविवारी ते थोरल्या बहिणीकडे गेले. ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती पाय उशीवर ठेवून दिवसभर खिडकीशी बसत असे. लहानपणी आई कामाला जायची तेव्हा काकांना हिनंच सांभाळलं होतं, त्यामुळे सत्तावन्नाव्या वर्षीही ती त्यांना बाळ्या म्हणे. काकांनी तिला खोक्याची बातमी सांगितली. आनंदाची होती तशीच सांगितली, पाकिटाची भानगड गाळून. आणि डावी बाही वर करून हात पुढे केला.

ताई आधी गालात हसली, मग खो खो हसली, मग तिला ठसका लागला. काकांनी पाणी दिलं.

"तेलानं?" ती डोळे पुसत म्हणाली. "अरे बाळ्या, हा हात तुझा जन्मापासून असाच आहे!"

"काहीतरीच काय बोलतेस?"

"काहीतरीच काय? सुईणबाईनं तुला हातात दिलं तेव्हा आईनं पहिल्यांदा हात बघितला आणि मग तोंड. एकच हात असा कसा म्हणून डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, असतं काहींचं, सोडून द्या. आईनं कुठलं सोडायला! रोज पिठाचा गोळा घेऊन तुझा हात घासायची. केस जावेत म्हणून. तू बोंब मारायचास आणि मी तुझे पाय धरून बसायचे. तीन वर्षं घासला. एक केस हलला नाही."

काकांनी बाही खाली ओढली.

"म्हणून तर तुला कायम पूर्ण बाह्यांचे शर्ट," ताई म्हणाली. "उन्हाळ्यातसुद्धा. तरी शाळेतल्या पोरांनी शोधून काढलंच. अस्वल म्हणायचे तुला. रडत घरी यायचास. विसरलास?"

विसरले होते. म्हणजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट आठवत होते. पण आईला ते आवडायचे म्हणून, अशी त्यांची समजूत होती. रडत घरी येणंही कुठेतरी होतं, त्याचं कारण मात्र पुसलेलं होतं. माणसाला जे आठवायचं नसतं ते तो नीट घडी घालून सगळ्यात खाली ठेवतो आणि वर दुसरं काहीतरी ठेवत जातो. काकांनी वर आठ वह्या ठेवल्या होत्या. नोकरीच्या पहिल्या दिवशीही हात दाटच होता, पण तोवर तो बाहीत झाकायची आणि त्याच्याकडे न बघायची सवय लागलेली होती. आईनं तीन वर्षं चोळलं केस जावेत म्हणून, लेकानं एकतीस वर्षं चोळलं केस यावेत म्हणून, आणि हातानं दोघांचंही ऐकलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एकदा बहिणीला विचारलं असतं तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. पण आपल्या हाताबद्दल कोणी बहिणीला कशाला विचारेल?

घरी आले तेव्हा काकू स्टूल घेऊन गॅलरीत बसल्या होत्या. तेलाची वाटी शेजारी तयार होती. काका मागे उभे राहिले, पण त्यांनी वाटी उचलली नाही. सकाळचं सगळं सांगितलं, आणि पाकिटाचंही. बायकोचं तोंड दिसत नव्हतं; दिसत होता तो रुंद भांग.

"मग मी पंधरा वर्षं काय लावलं?" काकूंनी विचारलं.

"तेल," काका म्हणाले.

काकू उठल्या. आत गेल्या. कपाटातून उशीचे सगळे अभ्रे काढून त्यांनी बादलीत सोड्याच्या पाण्यात बुडवले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले, जणू ते वर येऊन काही बोलतील.

"मला राग आलाय," त्या म्हणाल्या. "तेलाचा नाही, तुमचा. शेजारची म्हणायची डॉक्टरला दाखव, डॉक्टरला दाखव. मी म्हणायचे, घरातच तेल आहे."

 दुकानदारासमोर म्हणायचं एक वाक्य काकांना पाठ होतं, ते इथे चालणारं नव्हतं. आपण कोणाला फसवलं नाही, ही त्यांची आयुष्याची कमाई होती, आणि फसवलेलं पहिलं माणूस समोर बादलीवर वाकून बसलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "उद्या मालकांना सांगतो."

मालकांनी ऐकून घेतलं. घाईतला माणूस, तरी दार लावून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, मला एक सांगा. हात तुमचा आहे ना?"

"हो."

"केस खरे आहेत? चिकटवलेले नाहीत?"

"छे."

"एकतीस वर्षं आपलं तेल चोळलंत, हे खरं?"

"रोज सकाळी आठला."

"मग? तीन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर खोटं कुठून आलं? त्या मॅडमनी सही नाही केली तर 'उगवतात' हा शब्द काढून टाकू. शब्दच नको. नुसता फोटो. लोकांना काय समजायचं ते समजू दे." आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "बाटल्या भरायला चोवीस बायका आहेत बाहेर. नुसतं 'केस मऊ राहतात' म्हणून किती बाटल्या जातील? गुरुवारी फोटोग्राफर येतोय."

काका बोलण्यात कधीच पटाईत नव्हते. मालकांचं कुठेतरी चुकतंय हे कळत होतं, कुठे ते बोटानं दाखवता येत नव्हतं. चोवीस बायका तर खऱ्याच होत्या. दाराच्या काचेतून दिसत होत्या. ते परत मागच्या खोलीत आले. बरण्या हलवायच्या राहिल्या होत्या, त्या एकेक करून हलवल्या. मग आठवी वही काढली आणि शेवटच्या नोंदीखाली, जिथे ते नेहमी "पास" लिहीत, तिथे लिहिलं: "परीक्षाच चुकीची होती. ती मी घेतली." सही केली. सहीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

गुरुवारी सकाळी ते लवकर उठले. गॅलरीतल्या स्टुलावर बसले, मग्यात गरम पाणी घेतलं, साबणाचा फेस केला आणि परीक्षेचा वस्तरा डाव्या हातावर कोपरापासून लावला. चौकटीबाहेर तो वस्तरा आजवर कधी गेला नव्हता. रान खाली पडत गेलं. आतून निघालेला हात गोरा, बारीक आणि जरा म्हाताराही होता. तो त्यांनी पूर्वी पाहिलाच नव्हता. मग त्यांनी वस्तरा डाव्या हातात घेतला, उजव्या हाताला लावला, आणि लगेच कापलं.

काकू दारात उभ्या होत्या. तीन दिवस त्या कामापुरतंच बोलत होत्या.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "तुमचा डावा हात कशालाच उपयोगी नाही."

त्यांनी समोर बसून नवऱ्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि सावकाश, अगदी बटाटा सोलावा तसा, मनगटापर्यंत साफ केला. काय करताय, कशासाठी, असं काही विचारलं नाही. टॉवेलनं पुसून झाल्यावर दोन्ही हात शेजारी धरून बघितले.

"आता एका माणसाचे वाटतात," त्या म्हणाल्या, आणि डबा भरायला आत गेल्या.

कारखान्यात मालकांच्या खोलीत टेबलावर काळं कापड पसरलं होतं. दोन दिवे लावले होते. फोटोग्राफर स्टँडवर कॅमेरा बसवत होता, केमिस्ट बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, आणि दारात बाटल्या भरणाऱ्या चार-पाच बायका डोकावत होत्या, कारण आपल्या अस्वलकाकांचा फोटो निघणार म्हणजे बघायला हवंच. काका पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले होते, मनगटाची बटणं लावून. ते खुर्चीवर बसले. डावं बटण काढलं, बाही वर केली. उजवं बटण काढलं, बाही वर केली. दोन्ही हात काळ्या कापडावर ठेवले.

 दिव्यांच्या उजेडात दोन गुळगुळीत हात होते, आणि फोटोग्राफर यात कशाचा फोटो काढायचा म्हणून मालकांकडे बघत होता.

मालक खूप चिडतील असं दारातल्या बायकांना वाटलं. पण ते आधी केमिस्ट बाईंकडे बघत राहिले, मग हातांकडे. शेवटी त्यांनी एक दिवा बंद केला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "महिनाभर पुढे ढकलू. तोवर तेल लावा काका, रोज दोनदा लावा, म्हणजे येतील परत."

"येतील की, मालक," काका बाह्या खाली करत म्हणाले. "न लावताही येतील. डावा दाट, उजवा विरळ."